गाडायचा कुठे, हाच खरा खर्च!

कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जमिनीत खोल सोडून द्यायचा. ऐकायला सोप्पं वाटतं ना? पण ‘खर्च किती येईल?’ असं भूगर्भशास्त्रज्ञाला विचारलंत, तर तो आधी उलट विचारेल, ‘कुठे?’

जमिनीखाली काही रिकामी टाकी नसते. असतो तो स्पंजसारखा सच्छिद्र वाळूचा खडक आणि त्याच्या छिद्रांत पिण्यालायक नसलेलं खारं पाणी. साधारण ८०० मीटरच्या खाली दाबामुळे हा वायू द्रवासारखा दाट होतो, त्यामुळे कमी जागेत जास्त मावतो. वर मात्र न झिरपणाऱ्या खडकाचं घट्ट झाकण हवंच.

नॉर्वेचं उदाहरण घ्या. तिथे १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन टॅक्स लागला. मग स्लाइपनर वायूक्षेत्रात १९९६ पासून दरवर्षी सुमारे १० लाख टन कार्बन डायऑक्साइड उत्सिरा नावाच्या खडकात जाऊ लागला. खडक जाड आणि मोकळा, त्यामुळे एकाच विहिरीत काम भागलं. स्नोविट या दुसऱ्या ठिकाणी २००८ मध्ये सुरुवात झाली. पण तिथे दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. देश तोच, कंपनीही तीच. बदलला तो फक्त खडक!

म्हणूनच नकाशा महत्त्वाचा. थर किती खोल, किती जाड, त्यातून वायू किती सहज सरकतो, यावर विहिरींची संख्या ठरते आणि विहिरींवर बिल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१३ मध्ये देशात सुमारे ३ लाख कोटी टन साठवता येईल असा अंदाज दिला. पण तो फक्त ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ एवढाच. परवडेल की नाही, हे त्यात धरलेलंच नव्हतं.

आपल्याकडे तर आणखी एक पेच आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्टच्या काळ्या कातळाखाली झाकलेला. सर्वेक्षणासाठी जमिनीत सोडलेल्या लहरी या कातळात विखुरतात, त्यामुळे खालचे थर धूसर दिसतात. चित्र धूसर, तर खर्चाचा अंदाजही धूसर. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्यावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. पण या कामाला फक्त इंजिनीअर पुरणार नाहीत. खडक वाचणारे, डेटा हाताळणारे आणि पैशाचा हिशेब मांडणारे, सगळेच लागतील. म्हणजे जिऑलॉजीपासून इकॉनॉमिक्सपर्यंत सगळ्यांना संधी!

आणि यापुढे कुणी ‘आपल्याकडे एवढे अब्ज टन जागा आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: आहे, की परवडणारी आहे?