जुन्या बूमला नवे कान

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या गव्हाच्या शेतात फवारणी यंत्राचे पंख, म्हणजे बूम, ३६ मीटरपर्यंत पसरलेले असतात. चाक खड्ड्यात गेलं की एक टोक जमिनीला टेकू लागतं, दुसरं वर जातं आणि तिथलं औषध वाऱ्यावर शेजारच्या रानात. ११० अंशांच्या कोनात फवारणाऱ्या नोझलला पिकापासून साधारण ५० सेंटिमीटर उंची हवी. जुन्या यंत्रालाही ती राखता येते. त्यासाठी बूमवर बसवलेला सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. ५० सेंटिमीटरवरून प्रतिध्वनी सुमारे ३ मिलिसेकंदांत परततो. मला यातला हा भाग फार आवडतो: पहिला प्रतिध्वनी ओंब्यांचा, मागून येणारा मातीचा. त्यावरून नियंत्रक व्हॉल्व्ह उघडतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर बूम उचलतो. पण आधी झिजलेल्या पिना आणि बुश बदलाच. सांधे खिळखिळे असले, तर बूम नुसता डुलत राहतो.