क्लच नसलेली गाडी

बालमित्रांनो, नांदेडहून लातूरला एसटीनं जाताना ड्रायव्हरकाकांचा डावा पाय पाहिलाय? गिअर बदलायचा की क्लच दाबायचा! काही मोटारींत मात्र क्लचचं पेडलच नसतं. मग ते काम कोण करतं? अशा बऱ्याच गाड्यांत ते चक्क तेल करतं!

दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागेल. या गाड्यांच्या 'टॉर्क कन्व्हर्टर'मध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याऐवजी तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसऱ्याला तेल फिरवतं.

नवं तेल बहुधा लालचुटुक असतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. त्यात गाडीवर ओझं, वाटेत गर्दी! तेल फार तापलं की तपकिरी होतं, जळका वास येतो. झिजलेल्या भागांचा चुरा गाळणीत अडकतो. चहाची गाळणी तुंबली की चहा उतरतो का? तसंच तेल अडतं, गाडी झटके देते आणि शेवटी सगळा गिअरबॉक्सच कामातून जातो.

म्हणून तेल आणि गाळणी वेळेवर बदलायची, तीही मेकॅनिककाकांकडूनच. तेल कोणतं, किती किलोमीटरनंतर, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तुमच्याकडं अशी गाडी असेल, तर ते पान आज आईबाबांना वाचून दाखवाल ना?