दोरी ओढण्याआधी

इंग्लंडच्या किनाऱ्यावर एखादं जुनं घर विकायला निघालं की मागच्या शेडमधून जे सामान बाहेर पडतं, त्यात एक लांब दांड्याचं यंत्र पुष्कळदा असतं. वर पितळेची काळवंडलेली टाकी, तिच्या शेजारी उघडं फ्लायव्हील, खाली दोन नळ्या आणि तळाशी पंखा. कुठेही झाकण नाही की शोभेचा पत्रा नाही. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. घरच्यांना ते भंगार वाटतं आणि शेजारचा म्हातारा मात्र घाईघाईनं ‘थांबा, मला द्या’ म्हणतो. हे ब्रिटिश सीगल.

इंजिन होडीच्या पोटात न बसवता मागच्या फळीला बाहेरून टांगायचं, ही आउटबोर्ड मोटरची कल्पना. आपल्याकडे २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी बचाव पथकांच्या रबरी बोटींमागे ही यंत्रं पाहिली. पथकातली माणसं त्यांना ‘ओबीएम’ म्हणतात. कल्पना अमेरिकेत रुजली. डेट्रॉइटकडच्या कॅमेरॉन वॉटरमननं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशी मोटर विकायला काढली. पण धंदा खऱ्या अर्थानं उभा केला तो मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडनं, १९०९ पासून. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला हा माणूस. प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळलं आणि त्यातून मोटर सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, म्हणूनच मला तिच्यावर फारसा भरवसा नाही. खरं श्रेय त्याच्या बायकोला, बेसला, द्यायला हवं. जाहिराती तिनं लिहिल्या, व्यवहार तिनं सांभाळला. एव्हिनरूड हे नाव पुढे शंभरावर वर्षं चाललं आणि २०२० मध्ये त्या मोटरींचं उत्पादन बंद झालं.

अमेरिकन मोटरी दिसायला देखण्या होत गेल्या. सीगल त्या वाटेला गेलीच नाही. तिचा जन्म १९३१चा, वुल्व्हरहॅम्प्टन या इंग्लंडच्या आतल्या भागातल्या कारखानदारीच्या शहरात. समुद्र तिथून दूर. जॉन मार्स्टन लिमिटेड ही सनबीम सायकली आणि मोटारसायकली बनवणारी कंपनी, म्हणून पहिलं नाव ‘मार्स्टन सीगल’. व्हिलियर्स कंपनीही याच मार्स्टन घराण्यानं, याच शहरात काढलेली. सीगलवर पुढे अनेक वर्षं व्हिलियर्सचा मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर बसत राहिला. जॉन वे-होप आणि बिल पिनिगर या दोघांनी नंतर हा धंदा ताब्यात घेऊन दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या पूल या बंदराच्या गावी नेला. मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटिश नौदलाला लहान होड्या आणि तराफे ढकलायला साधी, दणकट मोटर हवी होती. जवळपास १०,००० सीगलची मागणी आली. १०२ सीसीचं एकच सिलिंडर आणि मोठा, सावकाश फिरणारा पंखा. वेगासाठी नव्हे, जड बोजा रेटण्यासाठी केलेली ही रचना होती. युद्धानंतर हीच मोटर थोडी सुधारून शिडाच्या होड्यांच्या आणि हौशी मासेमारांच्या दुनियेत गेली आणि कंपनी तिला जगातली सर्वोत्तम आउटबोर्ड म्हणवू लागली. लहान ६४ सीसीची ‘फॉर्टी’ मालिका आणि मोठी १०२ सीसीची ‘सेंच्युरी’, या दोन घराण्यांत बहुतेक सीगल बसतात. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं.

स्वभावानं ही मोटर तऱ्हेवाईक. सुरू करायला सुटी दोरी: टोकाला गाठ, ती फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि ओढायची. मागे कुणी बसलं असेल तर सुटलेली गाठ त्याच्या तोंडावर बसणार हे ठरलेलं. जुन्या मॉडेलांना न्यूट्रल नाही. इंजिन लागलं की होडी निघाली, तुमचं दुसरं पाऊल धक्क्यावर असलं तरी. आवाज असा की बोलणं बंद. धूर निळा आणि भरपूर. या सगळ्यासकट ती लोकांना हवी होती, कारण ती बिघडली तर दुरुस्त करायला कारखान्यात पाठवावी लागत नसे. आज ती परत चालू करता येते तीही याच एका कारणानं.

अशी पडून राहिलेली मोटर हाती आली की नवख्याच्या मनात पहिली गोष्ट येते ती दोरी ओढून बघण्याची. तेवढी मात्र करू नये. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या, सिलिंडरही लोखंडाचं. आत शिरलेल्या ओलीनं दोन्हींमध्ये गंज धरलेला असतो. जोरानं ओढलं तर रिंग मोडते आणि तिचा तुकडा बोअरला चर पाडतो. आधी प्लग काढायचा आणि त्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण ओतून मोटर कोपऱ्यात ठेवून द्यायची. किती दिवस, ते गंज ठरवतो. मग फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून किंचित इकडे, किंचित तिकडे. केसभर हललं तरी काम निम्मं झालं. पाइप लावून पाना दाबणारे मेकॅनिक इथे हरतात.

दुसरी परीक्षा नटबोल्टची. सीगलचा क्रँककेस अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा आणि स्टड पोलादी. खारं पाणी, दोन धातू; मग आट्यांमध्ये पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जणू ओतीवकामाचाच भाग होतो. उपाय जुनाच: उष्णता द्यायची, गंज सोडवणारं तेल सोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. ताकद लावली तर स्टड तुटणार, तो ड्रिलनं काढावा लागणार आणि आटे नव्यानं पाडावे लागणार. त्यात मापांचा घोळ. जुन्या ब्रिटिश यंत्रांचे आटे विथवर्थ आणि बीएसएफ मापाचे. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेले. ज्यांच्या घरी गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम केलेल्या वडिलांची पेटी अजून आहे, त्यांनी ती उघडून बघावी. विथवर्थचे पाने तिथे निघण्याची शक्यता बरीच.

आता करंट. पडून राहिलेल्या सीगलला प्लगमध्ये ठिणगी नसते, यात नवल काही नाही. फ्लायव्हीलखालचे सीबी पॉइंट ऑक्साइडच्या पातळ थरानं झाकलेले असतात आणि त्या थरातून वीज जात नाही. फ्लायव्हील काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही. त्या-त्या मॅग्नेटोसाठीचं योग्य साधन वापरायचं. पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर एकदा-दोनदा फिरवला, पेट्रोलनं भिजवलेल्या स्वच्छ कापडानं ते पुसून घेतले आणि फिलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरची फट लावली की बऱ्याच मोटरी इथेच जाग्या होतात. कापडाची पायरी गाळली तर पेपरची भुकटीच पुन्हा अडथळा होते. एवढं करूनही ठिणगी फिकी, पिवळट आली तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो स्वस्त असतो आणि जुना ठेवण्यात शहाणपण नाही. कॉइलचा कपटीपणा वेगळा. थंड असताना ती नीट काम करते, तापली की मरते, आणि हे कळतं खाडीच्या मध्यावर. लूना आणि बजाज चेतकच्या काळात पेठेतल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना यातलं काहीही नवं नाही. प्लग ब्लॉकला टेकवून अंधारात ठिणगी बघणं, ती निळी आहे की पिवळी यावर वाद घालणं, हे सगळं त्यांचं रोजचं होतं. ती विद्या आता आपल्याकडे निवृत्त होत चालली आहे. इंग्लंडमध्येही तेच.

पेट्रोलचा मार्ग त्यामानानं सोपा. पितळी टाकी गंजत नाही, पण जुन्या पेट्रोलचं चिकट वार्निश तळाशी बसलेलं असतं. नळ ओढून उघडायचा, त्यात बूच असतं. कोरडं पडलं की आक्रसतं आणि गळतं. फेकण्याआधी ते भिजवून बघावं, फुगून पुन्हा बसतं. टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू आहे. तो उघडायला विसरलं तर मोटर लागते, थोडा वेळ छान चालते आणि पेट्रोल उतरेनासं झालं की बंद पडते. पुष्कळ सीगल ‘बिघडलेल्या’ म्हणून विकल्या गेल्या त्या याच स्क्रूपायी, असं माझं मत आहे. कार्ब्युरेटरचा जेट तारेनं कोरू नये, भोक मोठं होतं. नायलॉनचा धागा पुरतो. आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर डोळा ठेवावा. ते ओल ओढून घेतं, जुन्या पॅकिंगांना सोसत नाही. काम झालं की टाकी रिकामी केलेली बरी.

ऑइलचं प्रमाण ऐकून स्कूटरवाले दचकतात. चेतकला लिटरमागे साधारण २० मिली ऑइल. जुन्या सीगलला १०० मिली, म्हणजे दहास एक. क्रँकशाफ्ट साध्या बुशांमध्ये फिरतो, बॉल बेअरिंगांत नाही, म्हणून एवढं वंगण. नंतरच्या मॉडेलांना कंपनीनं पंचवीसास एक चालेल असं ठरवलं, पण कार्ब्युरेटरमध्ये बदल करून. नुसतं ऑइल कमी केलं तर मिश्रणाचा तोल जातो. पर्यावरणाच्या हिशेबानं हे यंत्र आज कुणी नव्यानं बनवू शकणार नाही, आणि बनवूही नये. न जळलेलं तेल पंख्यामागे पाण्यावर तरंगताना डोळ्यांना दिसतं. वर्षातून चार वेळा हौसेनं चालवणं आणि रोज तिच्यावर पोट भरणं, यात मी फरक करतो.

तळाच्या गिअरबॉक्सला आजच्यासारखं ऑइल सील नाही. आत जाड, १४० ग्रेडचं तेल. थोडं पाणी शिरणार आणि तेलाचं ताकासारखं पांढरट मिश्रण होणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. ते बघून घाबरून गिअरबॉक्स फोडणाऱ्यांची मला दया येते. तेल बदलावं, पुढे जावं.

थंड ठेवणारं पाणी मात्र गंभीर बाब. शाफ्टवरचा लहान पंप ते वर चढवतो आणि सिलिंडरभोवतीच्या पोकळीत मीठ, वाळू, गंज यांचा थर साचलेला असला तर वाट बंद. इंजिन चालतंय म्हणून खूश व्हायचं आणि दहा मिनिटांत ते तापून जाम व्हायचं. म्हणून पहिली चाचणी होडीवर नको, पाण्यानं भरलेल्या पिंपात. पाणी पंपाच्या वर असलं पाहिजे, मोटर फळीला घट्ट आवळलेली पाहिजे आणि बाहेर पडणाऱ्या धारेवरून नजर हलवू नये. धार नसेल तर लगेच बंद. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात थोडं चालवून घ्यायचं, ही शिस्त पहिल्या मालकानं पाळली असती तर आपल्याला एवढा खटाटोप पडला नसता.

रंगाबद्दल या हौशी मंडळींत दोन तट आहेत. काही जण पितळ आरशासारखं घासतात, निळा रंग नव्यानं मारतात, जुनी चित्रपट्टी छापून चिकटवतात. मला ते पटत नाही. टाकीवरचा ठोका, दांड्याचा हातानं गुळगुळीत झालेला भाग, कुणीतरी तारेनं बांधलेला कंस हा तिचा इतिहास आहे. आतून नवी आणि बाहेरून जुनी, अशी सीगल मला हवी. न्यूझीलंडमध्ये तर केवळ सीगलच्या शर्यती भरतात; तिथे चकाकीला कुणी विचारत नाही, मोटर शेवटपर्यंत चालली का एवढंच बघतात.

अशी मोटर मिळाली तर क्रँककेसवर ठोकलेला क्रमांक आधी वाचा. सुरुवातीच्या अक्षरांवरून मॉडेल कळतं. नंतरच्या काळातल्या मोटरींवर शेवटी महिना आणि वर्षाची खूणही असते. सुटे भाग इंग्लंडमधले लहान व्यावसायिक अजून पुरवतात, पण क्रमांकाशिवाय मागणी करू नका. विकत घेताना दोन गोष्टी तपासा: क्रँककेस किंवा गिअरबॉक्सला तडा नाही ना, आणि पंखा व टाकी मूळची आहे ना. फ्लायव्हील जाम असेल तर किंमत पाडून घ्या. तडा असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.