सामाजिक बहिष्कार (उत्क्रांतिवादी मानसशास्त्र)

समूहातून वगळले जाणे माणसाला असह्य का होते आणि समूह आपल्याच सदस्यांना का वगळतात, या प्रश्नांचा नैसर्गिक निवडीच्या अंगाने केलेला अभ्यास उत्क्रांतिवादी मानसशास्त्रात मोडतो. या कृतीसाठी मराठीत ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे.

शिकार व अन्नसंकलनावर जगणाऱ्या टोळ्यांत एकट्या व्यक्तीचा निभाव लागणे कठीण होते. त्यामुळे वगळले जाण्याची चाहूल ज्यांना लवकर लागे, ते अधिक टिकले असावेत, असे गृहीतक आहे. रॉय बाउमायस्टर व मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये आपलेपणाची गरज ही मूलभूत प्रेरणा असल्याचे मांडले. २००१ मध्ये रॉबर्ट कुर्झबन व लिअरी यांनी दुसरी बाजू तपासली: सहकार्यात दगा देणारे, परक्या गटाचे आणि रोगग्रस्त भासणारे लोक टाळण्याची प्रवृत्तीही उत्क्रांतीतून घडली असावी.

सायबरबॉल प्रयोग

उद्यानात दोन अनोळखी व्यक्ती फ्रिस्बी खेळत होत्या. किपलिंग विल्यम्स यांना त्यांनी थोडा वेळ खेळात घेतले आणि मग अचानक वगळले. या अनुभवातून पुढे संगणकावरील ‘सायबरबॉल’ हा खेळ तयार झाला. त्यात सहभागी व्यक्तीकडे काही वेळा चेंडू येतो, नंतर येतच नाही. इतर दोन ‘खेळाडू’ वस्तुतः संगणकच चालवतो. एवढ्या क्षुल्लक प्रसंगानेही आपलेपणा, आत्मसन्मान, नियंत्रण आणि अस्तित्वाची अर्थपूर्णता या चारही भावना खालावतात. २००४ च्या अभ्यासात, समोर केवळ संगणक आहे हे ठाऊक असलेल्यांनाही हाच त्रास झाला. २००७ मध्ये तर कू क्लक्स क्लॅनसारख्या तिरस्कृत संघटनेचे सदस्य भासवलेल्या खेळाडूंनी वगळल्यावरही तो जाणवला. म्हणजे वगळणारा कोण, याचा विचार होण्याआधीच ही वेदना उमटते. समूहाला निष्ठा वसूल करता येते ती बहुधा यामुळेच.

प्रत्यक्ष समाजातील रूपे

मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज १९६०च्या दशकात कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात एका इन्युइट कुटुंबात राहत होत्या. बाहेरून आलेल्या मच्छीमारांवर त्या रागावल्या. इन्युइटांची होडी वाचवण्यासाठीच त्या बोलल्या होत्या, तरीही त्यांच्याशी कित्येक आठवडे अंतर राखले गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अन्नही मिळत राहिले.

महाराष्ट्रात जात पंचायतींच्या बहिष्काराचे स्वरूप याहून कठोर असते. त्यात रोटीबेटी व्यवहार आणि अंत्यविधीतील मदतही थांबते. जातिव्यवस्थेची कारणे ऐतिहासिक व आर्थिक आहेत, केवळ उत्क्रांतीने ती उलगडत नाहीत. राज्याच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आक्षेप

नेओमी आयझेनबर्गर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, बहिष्काराच्या वेळी मेंदूचा शारीरिक वेदनेशी निगडित भाग सक्रिय होतो, असे दाखवले. त्यावरून दोन्ही वेदना एकच, असा समज पसरला. मात्र २०१४ च्या एका अभ्यासात दोन्हींचे मेंदूतील आकृतिबंध वेगळे आढळले. शिवाय प्राचीन टोळ्यांतील वर्तनाचे जीवाश्म उरत नाहीत. त्यामुळे या शाखेतील बरेच निष्कर्ष आजच्या माणसांवरून मागे जाऊन काढलेले अनुमान आहेत.