‘गेंदा फूल’चा गूढ अर्थ : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे. रोलिंग मिल, फाउंड्री, स्पंज आयर्नचे कारखाने. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी इथल्या मशिनी धुतल्या-पुसल्या जातात, त्यांच्यावर झेंडूच्या माळा चढतात आणि आवारात स्पीकर लागतो. छत्तीसगडच्या गावांतले, बिहारचे, ओडिशाचे, आपल्या विदर्भातले कामगार एका रांगेत जेवायला बसतात. स्पीकरवर ‘दिल्ली-६’मधलं ‘गेंदा फूल’ लागलं, की पाय थिरकतात आणि बहुधा वादही सुरू होतो. सासरला झेंडूचं फूल का म्हटलं असेल? यात प्रेम आहे की टोमणा? की आणखी काही लपलंय?

गाण्यातला गुप्त अर्थ शोधायची हौस जगभर आहे. ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ डिसेंबर १९७६ मध्ये आलं. ते हॉटेल म्हणजे सैतानाच्या उपासकांचं मंदिर आहे, मनोरुग्णालय आहे, अशा कथा आजही ऐकू येतात. रेकॉर्डच्या वेष्टनावरचा फोटो मात्र बेव्हर्ली हिल्स हॉटेलचा आहे. आपण लॉस एंजेलिसच्या चैनी, बेबंद जगण्याबद्दल आणि निरागसपण हरवण्याबद्दल लिहिलं, असं गीतकार डॉन हेन्ली यांनी अनेकदा सांगितलं आहे. तिथे विचारायला गीतकार हजर होता. ‘गेंदा फूल’च्या बाबतीत मात्र मूळ गीतकार कोण, हेच बहुतेकांना ठाऊक नाही. म्हणून एकेक गैरसमज सोडवत जाऊ.

गैरसमज १ : हे जुन्या दिल्लीचं गाणं आहे.

वस्तुस्थिती : गाणं छत्तीसगडचं आहे, आणि रायपूरशी त्याचं थेट नातं आहे. राकेश ओमप्रकाश मेहरांचा ‘दिल्ली-६’ फेब्रुवारी २००९ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत ए. आर. रहमान यांचं, शब्द प्रसून जोशींचे, आणि मुख्य आवाज रेखा भारद्वाज यांचा. या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. पण त्याआधी जवळजवळ ३७ वर्षं, १९७२ च्या सुमारास, रायपूरच्या जोशी भगिनी हेच गाणं छत्तीसगढीत गात होत्या. गीतकार म्हणून गंगाराम शिवारे यांचं नाव घेतलं जातं, चालीशी भुलवाराम यादव यांचं नाव जोडलं जातं. भुलवाराम म्हणजे नाटककार-दिग्दर्शक हबीब तनवीर यांच्या ‘नया थिएटर’मधले, ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे नावाजलेले कलावंत. अभिनेते रघुवीर यादव यांच्यामार्फत हे गाणं मुंबईला पोहोचलं, असं सांगितलं जातं.

पडद्यावर दिसणारी जुनी दिल्लीही बरीचशी राजस्थानातल्या सांभरला उभी केलेली आहे. गच्चीवर नाचणाऱ्या त्या बायका पाहून गाणं चांदणी चौकातलं वाटतं, पण त्याचं माहेर महानदीच्या खोऱ्यात आहे.

गैरसमज २ : झेंडूला असंख्य पाकळ्या असतात, तसं सासर म्हणजे भरलेलं एकत्र कुटुंब. हाच गाण्याचा दडलेला अर्थ.

वस्तुस्थिती : चाहत्यांमध्ये सर्वांत लोकप्रिय अर्थ हाच. झेंडूची रचना त्याला पोषकही आहे. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो, तो अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो; एकेक ‘पाकळी’ हे खरं तर स्वतंत्र फूल असतं. सासू, नणंद, दीर, जावा अशी माणसं एकाच देठावर, असा अर्थ लावणं कुणालाही भुरळ घालेल.

अडचण अशी, की मूळ गाण्याच्या टेकेत, म्हणजे ध्रुपदात, ‘सासर’ हा शब्दच नाही. छत्तीसगढी गाणं ओळखलं जातं ते ‘करार गोंदा फूल’ या नावाने. चित्रपटात ‘करार’च्या जागी ‘ससुराल’ आलं आणि ‘गोंदा’चं ‘गेंदा’ झालं. एवढ्या बदलाने हिंदी श्रोत्याला गाणं जवळचं झालं, आणि त्याच बदलातून सासर म्हणजे झेंडू हे समीकरण जन्माला आलं. तेव्हा पाकळ्यांचा अर्थ २००९ च्या हिंदी गाण्याला लावायला हरकत नाही, तो तिथे शोभतोही. पण ‘छत्तीसगडच्या बायका शतकानुशतकं सासरला झेंडू म्हणत आल्या’ असं कुणी सांगू लागलं, तर तिथे थांबवायला हवं.

कडव्यांतही फरक पडला आहे. मूळ गाण्यात रागावणारा नवरा आहे, कानोसा घेणारे शेजारी आहेत, केळीच्या बागेत मुक्काम टाकण्याची गोष्ट आहे. हिंदीत नवरा व्यापारी होऊन परदेशी निघाला, आणि विरहाचा सूर वाढला. दोन्ही गाणी गोड आहेत, पण ती दोन गाणी आहेत. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

गैरसमज ३ : टेकेतल्या फुलाला काहीतरी खोल अर्थ असलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : लोकगीतात टेकेचं पहिलं काम असतं गाणाऱ्यांना एकत्र आणणं. एकजण कडवं म्हणते, बाकीच्या टेक उचलतात; तेवढ्यात पुढचं कडवं आठवतं, श्वास घेता येतो, ताल बसतो. छत्तीसगडचं सुआ गीत पाहा. दिवाळीच्या सुमारास बायका टोपलीत मातीचा पोपट ठेवतात, त्याच्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवतात आणि गाण्यात पुन्हा पुन्हा त्या पोपटाला हाक मारतात. गाणं पोपटाबद्दल नसतं. मनातलं दुःख माणसाला सांगता येत नाही, म्हणून ते पोपटाला सांगायचं. शेतात काम करताना गायला जाणारा ददरियाही असाच. त्याच्या दोन ओळींपैकी पहिलीत बऱ्याचदा झाडझाडोरा, नदीनाला, बाजार असं समोर दिसणारं काहीतरी येतं, आणि मनातली गोष्ट दुसरीत. आपल्याकडे नाव घेताना उखाण्याची पहिली ओळ जशी यमकासाठी येते आणि नवऱ्याचं नाव दुसरीत, तसंच हे. उखाण्यातल्या चांदीच्या ताटाचा गूढार्थ कुणी शोधत बसत नाही.

याचा अर्थ गोंदा कसाही निवडला गेला असा नाही. छत्तीसगडमध्ये या फुलाला मान आहे. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी दुर्गजवळच्या बघेरा गावात १९७१ मध्ये जो भव्य लोकमंचीय प्रयोग उभा केला, त्याचं नावच ‘चंदैनी गोंदा’. शेतकऱ्याचं आयुष्य सांगणारा हा प्रयोग, खुमानलाल साव यांचं संगीत, लक्ष्मण मस्तुरिया यांची गीतं. छत्तीसगढी अस्मितेच्या इतिहासात या प्रयोगाचं स्थान फार मोठं आहे. परसात फुलणारं, देवाला चालणारं, सणाला दारावर लागणारं हे फूल. ‘करार गोंदा फूल’ त्याच काळात, त्याच हवेत गायलं गेलं. ऐकणाऱ्याच्या मनात फुलाबरोबर अंगण, सण, आपली माणसं उभी राहणार, हे उघड आहे. पण हा गुप्त संकेत नव्हे. गाणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेली ती गोष्ट होती.

गैरसमज ४ : झेंडू हे भारताचं प्राचीन फूल, म्हणून गाण्यातलं प्रतीकही प्राचीन.

वस्तुस्थिती : आज आपण ज्याच्या माळा करतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि आसपासच्या प्रदेशाचा. पोर्तुगीजांच्या व्यापारी मार्गांवरून, मिरची आणि काजूप्रमाणेच, तो गेल्या चार-पाचशे वर्षांत भारतात रुजला. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणाला थडगी झेंडूने सजवतात. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लागल्याशिवाय आपल्याला सण वाटत नाही, कोकणात त्याला गोंडा म्हणतात, इतका तो आपला झाला. पण त्याला ‘वैदिक प्रतीक’ ठरवून त्यावर गाण्याच्या अर्थाचे इमले चढवणं इतिहासाला धरून नाही.

गैरसमज ५ : २०२० चं ‘गेंदा फूल’ हे याच गाण्याचं नवं रूप आहे.

वस्तुस्थिती : नाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही. मार्च २०२० मध्ये रॅपर बादशाह आणि गायिका पायल देव यांचं जे ‘गेंदा फूल’ गाजलं, त्यातला बंगाली भाग ‘बोडो लोकेर बिटी लो’ या गाण्यातून घेतलेला आहे. ते लिहिलं बीरभूम जिल्ह्यातल्या सिउडी गावच्या रतन कहार यांनी, १९७२ मध्ये. १९७६ मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची रेकॉर्ड निघाली. म्हणजे एका बाजूला रायपूर, दुसऱ्या बाजूला बीरभूम, आणि दोन्ही गाणी एकाच सुमाराची.

अर्थाच्या दृष्टीने कहारांचं गाणं डोळे उघडणारं आहे. लांब केसांच्या श्रीमंत मुलीचं कौतुक, असं आपण ते ऐकतो. कहार यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकिगत वेगळी आहे. बदनाम वस्तीत राहणाऱ्या एका आईने आपल्या मुलीच्या केसांकडे बोट दाखवून, ही मोठ्या घरच्या माणसाची लेक आहे, असं सांगितलं. बापाचं नाव न मिळालेली ती मुलगी त्यांच्या गाण्यात आली. अंदाज बांधून हा अर्थ कुणालाच सापडला नसता. नवं गाणं आलं तेव्हा श्रेयनामावलीत कहार यांचं नावच नव्हतं. बंगालमधून आवाज उठला, मग बादशाह यांनी त्यांना पाच लाख रुपये दिले. २०२४ मध्ये रतन कहार यांना पद्मश्री जाहीर झाली.

गैरसमज ६ : लोकगीताला कर्ता नसतो, ते सगळ्यांचं असतं.

वस्तुस्थिती : काही लोकगीतांचा कर्ता खरोखरच काळाच्या ओघात पुसला गेला आहे. पण लोकशैलीत लिहिलेलं प्रत्येक गाणं अनामिक नसतं. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराचा शब्दांवरचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, तरी त्याच्या मोबदल्यात गीतकार आणि संगीतकाराचा वाटा असतो. १९७२ च्या गाण्याला ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला, की हा हक्क कागदावरून नाहीसा होतो. त्या जागी कुणाचं तरी नाव होतं, हे पुढच्या पिढीला कळतही नाही.

आपल्याकडे याचं उलट उदाहरण आहे, आणि ते अभिमानाने सांगावं असं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, कुणी रचल्या हे सांगता न येणाऱ्या या ओव्या. तरीही प्रत्येकीसमोर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदवलेलं आहे. अनामिक ओवीच्या बाबतीत जे जमलं, ते माहीत असलेल्या गीतकाराच्या बाबतीत का जमू नये?

आता राहिला उरल्याच्या त्या पंगतीतला प्रश्न. गाण्यात प्रेम आहे की टोमणा? दोन्ही आहे. सासू बोलते, नणंद टोचते, दीर जीव लावतो, आणि हे सगळं सुरात येतं. भोंडल्यात आपल्या बायका ‘कारल्याचा वेल’ म्हणायच्या. त्यात माहेरी जायचं विचारणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचं बी लावायला सांगते, मग वेल वाढू दे म्हणते, मग फूल, मग कारलं. परवानगी लांबतच जाते. ते गाणं हसत, फेर धरून म्हटलं जायचं, पण त्यातला जाच खोटा नव्हता. उघड बोलायची सोय नसलेल्या बायकांनी गाण्यात बोलायची सोय करून घेतली होती. ‘करार गोंदा फूल’ त्याच घराण्यातलं गाणं आहे. छळाचं कौतुक करणारं म्हणून त्याला झोडपणं चूक, आणि सासरचे गोडवे गाणारं म्हणून डोक्यावर घेणंही चूक.

गाण्याच्या अर्थावर जरूर भांडावं. जिवंत गाण्याचं ते लक्षण आहे. पण भांडणाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हे शब्द मूळचे कोणत्या भाषेतले, आधी ते कसे होते, आणि कुणाचे होते. लग्नाच्या संगीतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, रायपूरच्या मराठी घरांतल्या हळदीकुंकवात हे गाणं म्हणाल, तेव्हा सुरुवातीला एवढं सांगा : हे छत्तीसगढी गाणं आहे, रायपूरच्या जोशी भगिनींनी ते गायलं, शब्द गंगाराम शिवारे यांचे मानले जातात. हे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. मुंबईच्या रेकॉर्डवर जे राहून गेलं, ते गाणाऱ्यांच्या तोंडून तरी पुढे गेलंच पाहिजे.