माजी सैनिक आणि सरकारी वैद्यकीय सेवा : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

सैन्यातून निवृत्त झालेल्या मनुष्याने आपल्या व कुटुंबीयांच्या औषधोपचारासाठी मुख्य भिस्त शासकीय व्यवस्थेवर ठेवावी काय, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक निवडीचा वाटतो. वस्तुतः तो अंतराचा व हिशेबाचा, आणि काही अंशी इतिहासाचाही प्रश्न आहे. ‘भिस्त’ या शब्दात दोन भिन्न अर्थ मिसळलेले असतात, हे प्रथमच ध्यानात घेणे अवश्य आहे. ताप आला असता ज्याच्या दारी आपण जातो तो वैद्य हा एक. आणि हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली असता ज्याच्या तिजोरीतून पैसा येतो तो आश्रयदाता हा दुसरा. हे दोन्ही एकच असले पाहिजेत, असे गृहीत धरल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा निष्फळ होते.

शिरूर हे एके काळी स्वतःच छावणीचे गाव होते. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची पलटण येथूनच पुण्याकडे निघाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या कोरेगावच्या लढाईनंतर शक्य तितके जखमी बरोबर घेऊन ती शिरूरलाच परतली. त्या लढाईत जखमी झालेले खंडोजी माळवदकर यांची पुढे १८२४ मध्ये तेथील स्तंभाचे जमादार म्हणून नेमणूक झाली. सैनिकाचे ऋण फेडण्याची तत्कालीन राज्यकर्त्यांची रीत ही अशी होती : नेमणूक, जमीन, मानमरातब. औषधोपचार हा सैनिकाचा आजन्म हक्क आहे, ही कल्पना पुष्कळ नंतरची. घोड नदीकाठची छावणी कधीच उठून गेली, आणि रुग्णाच्या प्रवासाची दिशा आता उलटी झाली आहे. तो शिरूरहून पुण्याला जातो.

आजची व्यवस्था ही माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘ईसीएचएस’. ती १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. तत्पूर्वी माजी सैनिकास सैनिकी रुग्णालयात जागा असेल त्या मानाने उपचार मिळत, आणि पाचव्या वेतन आयोगानंतर दरमहा १०० रुपयांचा वैद्यकीय भत्ता मिळू लागला. शंभर रुपयांत काय होत असेल, हे सांगणे नको. नव्या योजनेत निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच अंशदान द्यावयाचे असते. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ते हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांस ६७,००० आणि अधिकाऱ्यांस १,२०,००० रुपये असे आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ते माफ आहे. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. सभासदाने प्रथम तेथे जावयाचे. तेथील डॉक्टर औषध देतो, किंवा ‘रेफरल’ देऊन सैनिकी अथवा मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात पाठवितो. खाजगी रुग्णालयाचे बिल केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या, दरांनी शासन भागविते.

येथवर सर्व उत्तम. अडचण सुरू होते ती नकाशावर. शिरूर पुण्यापासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटर आणि अहिल्यानगरापासून (पूर्वीचे अहमदनगर) त्याहून थोडे कमी अंतरावर आहे. दौंड लोहमार्गाने पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटर आहे. कमांड हॉस्पिटल, खडकीचे सैनिकी रुग्णालय, १९४४ पासून चालू असलेले कृत्रिम अवयव केंद्र ही सर्व पुण्यात एकवटलेली. पण तालुक्याच्या गावापासून मोजलेले अंतर फसवे असते. टाकळी हाजी किंवा मांडवगण फराटा येथील सत्तरीच्या गृहस्थास प्रथम तालुक्याला अथवा हमरस्त्याला यावे लागते, तेथून पुढे शिक्रापूर-वाघोलीची वाहनांची दाटी ओलांडावी लागते. मधुमेहाची महिन्याभराची औषधे आणावयास त्याचा सबंध दिवस मोडतो. बरोबर मुलगा असला तर त्याचाही. एखादे औषध त्या दिवशी उपलब्ध नसले तर खेप पुन्हा आली. औषधांच्या तुटवड्याची ही तक्रार केवळ पारावरची नव्हे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या आपल्या अहवालात या योजनेची जी तपासणी केली, तीतही औषधपुरवठ्यातील उणिवा नोंदविल्या आहेत.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे माजी सैनिकांसाठी शासनाची स्वतःची रुग्णालये आहेत. २०१४ मध्ये फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षायाद्या दडविल्याचे उघडकीस येऊन मोठा गहजब झाला. त्यानंतर झालेल्या कायद्यांपैकी २०१८ च्या कायद्याखाली असे मानदंड ठरले की, नित्याच्या उपचारासाठी सरासरी ३० मिनिटांहून अधिक किंवा तज्ज्ञाकडे जाण्यास ६० मिनिटांहून अधिक वाहन-प्रवास करावा लागत असेल, तर सैनिकाने बाहेरच्या डॉक्टरकडे जावे व खर्च शासनाने द्यावा. हा मानदंड आपल्या दोन तालुक्यांस लावून पाहिला, तर पुण्याच्या तज्ज्ञांच्या बाबतीत बहुतेक गावे त्याबाहेर पडतील. आपल्या योजनेत खाजगी रुग्णालये आहेत खरी. परंतु त्यांकडे जाण्याचा दरवाजा सामान्यतः पॉलिक्लिनिकमधूनच उघडतो. अतिवृद्ध सभासदांसाठी ही अट अलीकडे शिथिल झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मिनिटांचा मानदंड मात्र आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते तोच हवा आहे.

आता दुसरी बाजू. केवळ अंतराकडे पाहून ‘सरकारी नको, खाजगी विमा बरा’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शिपाई वा हवालदार चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. पुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरलेले असते. विम्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो, आणि आधीपासून असलेल्या विकारांस प्रतीक्षाकाळाची अट लागते. एकदाच दिलेल्या ३०,००० रुपयांत पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे आईवडील यांचा तहहयात समावेश करणारा विमा बाजारात मिळणे नाही. मूत्रपिंडाच्या विकारात आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते; तेथे ऊस वा कांद्याचे एका हंगामाचे उत्पन्न किती पुरणार? केंद्रीय अर्थसंकल्पातील या योजनेची तरतूद २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी होती, ती २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी झाली. मागणी किती वाढते आहे, याचा हा पुरावाच म्हणावयाचा. बिले थकली की खाजगी रुग्णालये कार्ड स्वीकारण्यास नाखूश होतात, हेही खरे. सीजीएचएसचे दर दीर्घकाळ जवळजवळ गोठलेले होते. त्यांची मोठी फेररचना ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली.

तातडीच्या प्रसंगी काय करावे, याविषयी पुष्कळांचा गैरसमज दिसतो. छातीत कळ आली असता रेफरलसाठी थांबावयाचे नसते. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल होता येते. मात्र ते मान्यताप्राप्त नसेल तर बिल आधी स्वतः भरावे लागते व नंतर ठरीव दरांनीच परतफेड होते. फरकाची रक्कम पदरची. म्हणून हाताशी थोडी शिल्लक असणे, हा सरकारी सेवेवर विसंबण्याचाच एक भाग समजला पाहिजे.

योजनेच्या कक्षेबाहेर कोण राहतो, हेही पाहावे. दौंड येथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत; त्यांतील निवृत्त जवान गणवेश घालून आयुष्य काढूनही सैन्यदलाचा माजी सैनिक ठरत नाही. निवृत्तिवेतनाविना सेवामुक्त झालेले अल्पसेवा अधिकारीही २०१९ पर्यंत बाहेरच होते. अशांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; ती १ जुलै २०२४ पासून सर्व कुटुंबांस ५ लाख रुपयांपर्यंत लागू झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून केंद्राने ७० वर्षांवरील सर्वांस आयुष्मान योजनेत घेतले. परंतु ईसीएचएसच्या सभासदाने दोहोंपैकी एकच निवडावयाची आहे. आयुष्मानमध्ये बाह्यरुग्ण सेवा व नित्याची औषधे नाहीत आणि रकमेस मर्यादा आहे. केवळ रुग्णालय जवळ पडते म्हणून अदलाबदल करणारा सभासद तोट्यात जाईल, असे वाटते.

तेव्हा मोठ्या आजारासाठी व नित्याच्या औषधांसाठी शासनावर पूर्ण भिस्त ठेवावी; सर्दी-खोकल्यास, जखमेस, रक्तदाब तपासून घेण्यास गावातील डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सर्वांत कठीण स्थिती सैनिकाच्या विधवेची. पतीच्या हयातीत कार्ड, रेफरल, कार्यालय यांच्याशी तिचा संबंध आलेला नसतो. सेवापुस्तकातील तिचे नाव माहेरच्या उच्चाराने, आधार कार्डावरील सासरच्या. जन्मतारखा जुळत नाहीत. ही दुरुस्ती अभिलेख कार्यालयामार्फत करून घ्यावी लागते, आणि ती पती हयात असताना करणे पुष्कळच सोपे जाते. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामी मार्गदर्शन मिळते.