औषध हळूहळू कसे झिरपते?

घरातल्या सब्जाकडे एकदा नीट बघा.

चमचाभर सब्जा पाण्यात टाकला की दाणे टम्म फुगतात, भोवती बुळबुळीत थर चढतो. या थरात बारीक धाग्यांचे जाळे असते. ते भरपूर पाणी धरून ठेवते, पण स्वतः विरघळून जात नाही. अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनी अशा फुगणाऱ्या जेलचा अभ्यास केला आहे.

गोळीत जेल कशासाठी?

साध्या गोळीतले औषध पोटात लवकर सुटते. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र सावकाश सुटणाऱ्या असतात. पोटातले पाणी लागले की त्यांच्याभोवती जेल तयार होते आणि औषध त्यातून बेताबेताने झिरपते. आपले भाटघर धरण आठवा. पावसाळ्याचे पाणी अडवून आवर्तनाने सोडले, म्हणून नीरेच्या कालव्यांना पुरते. एकदम सोडले तर आज पूर, उद्या कोरड! म्हणून अशी गोळी कुटू नका, चावू नका.

मग 'अंतरा' इंजेक्शन ३ महिने कसे पुरते?

पाळणा लांबवण्याचे हे इंजेक्शन २०१७ साली सरकारी कार्यक्रमात आले. यात जेल नसते. पण युक्ती तीच, साठा करायचा आणि थोडे थोडे सोडायचे. औषधाचे अगदी बारीक कण स्नायूत साठतात व सावकाश विरघळतात. म्हणून टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. नाहीतर औषध लवकर सुटते.

पाळी पुढेमागे होते, कधी थांबतेही. घाबरू नका, पण शंका असेल तर जरूर विचारा. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसापासून ७ ते १० महिने लागू शकतात.

तारीख का पाळायची?

साठा संपला की संरक्षण संपले. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर पावसात ओढे भरले की वाट अडते. तेव्हा थांबू नका; ठरल्या तारखेच्या २ आठवडे आधीही इंजेक्शन घेता येते. उशीर झालाच, तर ४ आठवड्यांच्या आत या. त्याहून जास्त दिवस गेले तरी संकोच नको. येऊन तपासणी करून घ्या.

कार्डावरची तारीख बाईनेच लक्षात ठेवायची, असे नाही. घरधन्यानेही ठेवावी. अधिक माहिती आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

तारीख पाळा, काळजी टाळा!